जुन्या साहस-पुस्तिका आणि आजचा खेळ : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

एखादे जुने नाटक नव्याने रंगभूमीवर आणायचे ठरले की दिग्दर्शकापुढे काही प्रश्न उभे राहतात. संहितेतील काय जसेच्या तसे ठेवावे, काय गाळावे आणि आजच्या प्रेक्षकासाठी नव्याने काय घालावे? नाट्यशास्त्राच्या तासाला आपण या प्रश्नांची चर्चा ऐकतो. नेमके हेच प्रश्न एका खेळाच्या क्षेत्रातही विचारले जात आहेत, याची कल्पना मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाला आता पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. त्याच्या पहिल्या दशकातील पुस्तिका आजच्या नियमांनी खेळताना काय करावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

ज्या वाचकांना या खेळाची ओळख नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडक्यात माहिती देते. चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. या लेखात मी सूत्रधार हाच शब्द वापरणार आहे. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, "तुमच्यासमोर एक गुहा आहे, आतून धुराचा वास येतो आहे," आणि खेळाडू आपापली पात्रे काय करतात ते सांगतात. जे घडेल की नाही याविषयी शंका असते, त्याचा निकाल फासा टाकून लावतात. फासेही अनेक प्रकारचे असतात : चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचे. हरणे-जिंकणे असे काही नसते. एकच कथा कित्येक महिने चालू राहते, तिला मोहीम म्हणतात.

सूत्रधाराला प्रत्येक वेळी सारे मनानेच रचावे लागू नये म्हणून तयार पुस्तिका मिळतात. तिच्यात स्थळाचा नकाशा असतो, कोणत्या दालनात कोण आहे, काय दडलेले आहे याचे वर्णन असते. या पुस्तिकांना इंग्रजीत 'मॉड्यूल' असा शब्द आहे. मी त्यांना साहस-पुस्तिका म्हणते.

जुने साहित्य कोणते?

या खेळप्रकारातील पहिला प्रकाशित खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातील 'टी.एस.आर.' या कंपनीने तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन लहान पुस्तके आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १००० प्रती, असा त्याचा आरंभ होता. १९७७ साली नवशिक्यांसाठी सोपी 'बेसिक' पेटी आली. १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड' या नावाने विस्तृत नियमांचे तीन ग्रंथ आले. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी बेसिक नियमांची सुबोध फेरमांडणी केली. पुढे १९९७ मध्ये मूळ कंपनी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. नियमांची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि तिचे सुधारित रूप २०२४ साली. आज बहुतेक ठिकाणी खेळली जाते ती ही पाचवी आवृत्ती.

आरंभीच्या काळातील काही पुस्तिका अजून लोकांच्या आठवणीत आहेत. गायगॅक्स यांची 'टूम ऑफ हॉरर्स' १९७५ च्या एका खेळ-मेळाव्यासाठी तयार झाली आणि १९७८ मध्ये छापली गेली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याची 'रेव्हनलॉफ्ट' १९८३ ची. या दोन्ही पुस्तिका नव्या नियमांत पुन्हा आल्या आहेत. 'रेव्हनलॉफ्ट'वरून 'कर्स ऑफ स्ट्राड' हे मोठे पुस्तक २०१६ मध्ये निघाले आणि 'टूम ऑफ हॉरर्स' २०१७ च्या एका संग्रहात समाविष्ट झाली. परंतु सर्वांत अधिक हातांतून गेलेल्या जुन्या पुस्तिकांत 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हिची गणना करावी लागेल. गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये लिहिलेली ही पुस्तिका बेसिक पेटीतच घालून मिळत असे, त्यामुळे हजारो नवशिक्यांचा पहिला खेळ तिच्यावर झाला. सरहद्दीवरील एक गढी आणि जवळच्या घळीत निरनिराळ्या टोळ्यांच्या गुहा, एवढाच तिचा विषय. पाचव्या आवृत्तीची चाचणी २०१२ साली सुरू झाली तेव्हा खेळाडूंना दिल्या गेल्या त्या याच गुहा. या लेखातील माझी बहुतेक उदाहरणे याच पुस्तिकेतील आहेत, कारण वसतिगृहातील आम्ही पाचजणी दिवाळीच्या सुटीनंतर दर रविवारी दुपारी तीच खेळत आहोत. वर्गणी काढून आम्ही जुन्या पुस्तिकेची प्रत मिळवली. नव्या आवृत्तीचे मूलभूत नियम कंपनीनेच विनामूल्य उपलब्ध केलेले आहेत, त्यांची छापील पाने आमच्याकडे आहेत.

आकड्यांचे रूपांतर

जुनी पुस्तिका हाती घेतल्यावर पहिली अडचण येते ती आकड्यांची. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितके संरक्षण अधिक. अंगावर चिलखत नसलेल्याचा आकडा बेसिक नियमांत ९ आणि संपूर्ण लोखंडी चिलखत घातलेल्याचा ३. नव्या नियमांत हे उलट आहे. तेथे आकडा जितका मोठा तितके संरक्षण अधिक.

दिसायला हे अवघड वाटते. पण शाळेतील बेरीज-वजाबाकी येणाऱ्याला ते सहज जमते. बेसिक पुस्तिकेतील चिलखताचा आकडा १९ मधून वजा करावा म्हणजे नवा आकडा मिळतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड' पुस्तिकांत मोजणी १० पासून होते, म्हणून तेथे २० मधून वजा करावा. उदाहरणार्थ, जुन्या ऑर्कचा आकडा ६ आहे. १९ मधून ६ गेले, राहिले १३. नव्या २०१४ च्या ग्रंथात ऑर्कचा आकडा पाहावा, तो १३ च आहे. जुन्या नियमांत पहिल्या पातळीच्या साध्या योद्ध्याला या ऑर्कवर घाव बसवायला वीस पैलूंच्या फाशावर १३ किंवा अधिक पडावे लागे. अंगी विशेष बळ नसेल, तर नव्या हिशेबानेही तेच उत्तर येते. मांडणी उलटी झाली तरी गणित एकच राहिले.

तथापि सर्व आकडे असे जुळत नाहीत. जुन्या ऑर्कचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची शक्ती, सरासरी चार-पाच होती; नव्याची १५ आहे. जुना ऑर्क तलवारीच्या एका घावात पडे, नव्याला दोन-तीन घाव लागतात. दुसऱ्या बाजूने नवा योद्धाही बलवान झाला आहे. शक्ती आणि प्रावीण्य मिळून त्याला फाशावर साधारणतः ५ अधिक मिळतात, म्हणजे १३ ऐवजी ८ पडले तरी घाव बसतो. त्यामुळे शत्रूचे जुने आकडे बदलत बसण्यापेक्षा त्याच नावाचा शत्रू नव्या ग्रंथातून उचलावा आणि किती जणांना समोर आणायचे एवढे आपण ठरवावे, हा मार्ग सोपा पडतो. ज्यांना हेही करायचे नसेल त्यांच्यासाठी 'गुडमन गेम्स' या प्रकाशनाने २०१८ साली या पुस्तिकेची मूळ प्रत आणि नव्या नियमांतील रूपांतर एकाच ग्रंथात छापले आहे.

आकड्यांचा प्रश्न येथे संपला असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. खरी अडचण याच्या पुढे आहे.

पुस्तिकेत न लिहिलेले नियम

कोणतेही लेखन आपल्या वाचकाला काही गोष्टी ठाऊक आहेत असे धरून चालते. जुनी साहस-पुस्तिकाही तशीच आहे. ती ज्या टेबलासाठी लिहिली गेली, त्या टेबलावर काही नियम रोजच्या वापरातले होते, म्हणून तिने ते पुन्हा सांगितले नाहीत. आज ते नियम बदलले किंवा मागे पडले. पुस्तिका मात्र त्यांच्याच आधारावर उभी आहे.

यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम बक्षिसाचा. पात्र अनुभव-गुण मिळवीत पुढच्या पातळीवर जाते. जुन्या बेसिक नियमांत योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २००० गुण लागत. एक गॉब्लिन मारल्याचे गुण मिळत केवळ ५. म्हणजे केवळ मारामारीवर दुसरी पातळी गाठायची तर एकट्या योद्ध्याला ४०० गॉब्लिन मारावे लागतील! हे अशक्य आहे, आणि ते अशक्य असावे हाच त्यामागचा हेतू होता. कारण गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्याला एक गुण मिळे. लढाईत जीव जाण्याचा धोका मोठा आणि लाभ थोडा, म्हणून शहाणा खेळाडू लढाई टाळी. तो चोरवाटेने जाई, लाच देई, दोन टोळ्यांत भांडण लावून देई.

नव्या नियमांत दुसऱ्या पातळीला ३०० गुण पुरतात आणि एका गॉब्लिनचे ५० गुण मिळतात. म्हणजे सहा गॉब्लिन मारले की काम झाले. सोन्याचे गुण नाहीत. आता हा नियम जुन्या गुहांना लावून पाहा. दालनांमागून दालने शत्रूंनी भरलेली आणि मारण्याला भरपूर मोबदला. जी गुहा धूर्तपणाने पार करण्यासाठी रचली होती तिचा खाटिकखाना होतो. पुस्तिकेतला एक शब्दही न बदलता तिचा अर्थ बदलून जातो.

यावर सोन्याला पुन्हा गुण द्यावेत असे कोणी सुचवील. पण त्यातही मेख आहे. योद्ध्याच्या जुन्या पायऱ्या २०००, ४०००, ८००० आणि १६००० अशा आहेत. नव्या ३००, ९००, २७०० आणि ६५००. पहिल्या पायरीवर जुन्या-नव्याचे प्रमाण जवळजवळ सातास एक पडते, चौथ्या पायरीवर अडीचास एक. एकच भाव सर्व पायऱ्यांना लागू होत नाही. आम्ही यावर साधा तोडगा काढला. मारल्याचे गुण पूर्णपणे बंद केले आणि ठरावीक कामगिरी पार पडली की सर्वांनी एकदम पुढच्या पातळीवर जावे असे ठरवले. नव्या नियमग्रंथात अशी मुभा दिलेली आहेच.

दुसरा नियम पहिल्या भेटीचा. जुन्या नियमांत अनोळखी जीव समोर आला की सूत्रधार सहा पैलूंचे दोन फासे टाकी. २ पडले तर तत्काळ हल्ला. ३ ते ५ पडले तर वैरभाव. ६ ते ८ पडले तर समोरचाही गोंधळलेला. ९ ते ११ पडले तर हल्ला नाही. आणि १२ पडले तर चक्क मैत्री. दोन फाशांच्या ३६ शक्यता मोजल्या तर तत्काळ हल्ल्याची शक्यता ३६ मध्ये एक, वैरभावाची ९, संभ्रमाची १६, शांततेची ९ आणि मैत्रीची एक येते. म्हणजे समोरचा पहिल्याच क्षणी तलवार उपसेल ही गोष्ट जुन्या खेळात अपवादाची होती. पुस्तिकेत एका दालनात 'सहा गॉब्लिन' एवढेच लिहिलेले असले की आजचा वाचक ती लढाई समजतो. तेव्हाचा वाचक ती भेट समजत असे.

तिसरा नियम धीराचा. प्रत्येक शत्रूला धीराचा एक आकडा असे. पहिला साथीदार पडला, किंवा निम्मे पडले, की दोन फासे टाकायचे. या आकड्यापेक्षा अधिक पडले तर शत्रू माघार घेई किंवा शरण येई. ऑर्कचा आकडा ८, आणि म्होरक्या मारला गेला तर ६. ८ च्या वर पडण्याची शक्यता ३६ मध्ये १०, तर ६ च्या वर पडण्याची ३६ मध्ये २१. म्होरक्या पडल्याबरोबर टोळी कशी ढासळते हे या दोन आकड्यांत दिसते. हा नियम विसरला की प्रत्येक शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढतो, आणि जगातला कोणताही जीव सहसा तसे करीत नाही.

चौथी गोष्ट काळाची आणि उजेडाची. दहा मिनिटांचा एक टप्पा धरला जाई. मशाल सहा टप्पे टिके. दर दोन टप्प्यांनी सूत्रधार एक फासा टाकी आणि १ पडला तर भटके संकट वाटेत येई. एका मशालीच्या आयुष्यात असे तीन वेळा होई. हिशेब केला तर एक मशाल संपेपर्यंत निदान एकदा संकट येण्याची शक्यता २१६ मध्ये ९१, म्हणजे शंभरात बेचाळीस येते. म्हणून प्रत्येक वळणावर "आणखी पुढे जावे की परतावे?" हा प्रश्न खरा असे. नव्या नियमांत उजेडाचा साधा मंत्र हवा तितक्या वेळा म्हणता येतो आणि एका रात्रीच्या विश्रांतीत सारे हिट पॉइंट भरून येतात. जुन्या बेसिक नियमांत दिवसभराच्या पूर्ण विश्रांतीनंतर १ ते ३ एवढेच भरून येत. अंधाराची आणि जखमेची भीती गेली की लांबलचक, रिकाम्या बोगद्यांना अर्थ राहत नाही. जुन्या नकाशातील रिकामी दालने ही चूक नव्हती. त्या दालनांत मशाल जळत असे.

मोकळ्या जागा

जुन्या पुस्तिकांचा आणखी एक विशेष म्हणजे त्यांनी जाणूनबुजून सोडलेल्या मोकळ्या जागा. माइक कार यांच्या 'इन सर्च ऑफ द अननोन' (१९७९) या पुस्तिकेत दालनांची वर्णने दिली आहेत, पण कोणत्या दालनात कोण राहतो आणि कोणता ठेवा आहे हे सूत्रधाराने स्वतः भरायचे आहे. 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स'मध्ये गढीचा किल्लेदार आहे, धर्मगुरू आहे, लोहार आहे, खाणावळवाला आहे. पण यांतील एकालाही नाव नाही. गावगप्पांची एक यादी मात्र आहे, आणि तीतल्या काही गप्पा खोट्या आहेत.

आजच्या पुस्तकांत पात्रांची नावे, स्वभाव, पूर्वेतिहास असे सारे तयार मिळते. ती सवय झालेल्याला जुनी पुस्तिका कोरडी वाटते. मला मात्र ती वाचताना कोकणातील दशावतारी नाटकाची आठवण झाली. तेथे पौराणिक कथानक ठरलेले असते, पण लिहिलेले संवाद नसतात. राजा दरबारात येऊन काय बोलेल हे त्या रात्री तो नटच ठरवतो. कथानक अपुरे आहे म्हणून कोणी दशावताराला दोष देत नाही. जुन्या साहस-पुस्तिकेकडेही त्याच दृष्टीने पाहावे. आमच्या मोहिमेतील गढीच्या खाणावळवालीला एका मैत्रिणीने स्वतःच्या आत्याची बोलण्याची ढब दिली. आता ती खाणावळवाली आम्हा पाचजणींना पाठ झाली आहे.

जन्माने दुष्ट?

येथपर्यंत जे सांगितले त्याचा रोख, जुन्या पुस्तिकेला तिचे मूळचे नियम परत द्यावेत, असा होता. परंतु जुने ते सारे जपावे असे मला म्हणायचे नाही. एक गोष्ट अशी आहे की ती बदलल्यावाचून आम्हाला पुढे जाववले नाही.

जुन्या नियमांत प्रत्येक जीवाची प्रवृत्ती ठरलेली असे. ऑर्क, गॉब्लिन, कोबोल्ड या जमातीच्या जमाती अनिष्ट पक्षाच्या. एखाद्याने काय केले याचा प्रश्न नाही. तो त्या जमातीत जन्मला एवढे पुरे. आणि त्याच पुस्तिकेत या गुहांतून न लढणाऱ्या माद्या आणि पिल्लेही राहतात, अशी नोंद आहे. लढाई संपल्यावर त्यांचे काय करायचे याचे उत्तर पुस्तिका देत नाही.

अमेरिकेतील एखाद्या मुलाला हा केवळ खेळ वाटला असेल. आपल्याकडे मात्र जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा प्रत्यक्षात होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द होईपर्यंत अनेक जमातींतील माणसांना काही न करता हजेरी लावावी लागली, तारेच्या कुंपणाआड राहावे लागले. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना तो शिक्का कायदा गेल्यावरही कसा पुसला जात नाही हे वेगळे सांगायला नको. आमच्या घरी पणजोबांच्या हजेरीची गोष्ट अजून सांगितली जाते. त्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा 'या गुहेत राहणारे सारे दुष्ट' हे वाक्य सूत्रधार म्हणून माझ्या तोंडून निघेना.

हा विचार फक्त आमच्या टेबलापुरता आहे असे नाही. खेळाच्या प्रकाशकांनाही त्याची दखल घ्यावी लागली. २०२० साली 'कर्स ऑफ स्ट्राड'च्या फेरमुद्रणात भटक्या 'व्हिस्तानी' लोकांच्या चित्रणात बदल करण्यात आले. २०२४ च्या नव्या नियमग्रंथात तर ऑर्क ही खेळाडूने घ्यायच्या पात्रांतील एक जमात झाली आहे. जुन्या गुहेत ज्याला मारायचे होते तोच आता टेबलावर आपल्या शेजारी बसलेला आहे. अशा वेळी जुनी पुस्तिका जशीच्या तशी चालवणे केवळ नीतीच्याच दृष्टीने नव्हे, तर कथेच्या दृष्टीनेही अशक्य होते.

आपल्या संस्कृतीतून उचललेल्या गोष्टींचेही असेच आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे. त्याचे डोके वाघाचे, अंगात झगा आणि हातात धूम्रपानाची नळी! मंतरलेल्या बाणाने तो मरतो. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात इंद्र, अग्नी, वरुण, यम यांनाही चिलखताचा आकडा आणि हिट पॉइंट दिले आहेत. हे वाचून रागावण्यापेक्षा मला हसूच अधिक आले. पण एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या कथांतील राक्षसांत रावण आहे तसा बिभीषणही आहे, आणि पांडवांसाठी प्राण देणारा घटोत्कचही आहे. राक्षसकुळात जन्मलेला प्रत्येक जण वाईटच, असे आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीतही नव्हते. परदेशी पुस्तकातला राक्षस आपल्या टेबलावर आला तर त्याला ही ओळख परत देण्याचा अधिकार आपल्याला आहे. कोलकात्यात जन्मलेल्या लेखिका मिमी मंडल यांनी 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' (२०२२) या संग्रहातील आपल्या साहसात बंगालच्या भूमीवरून स्फुरलेला प्रदेश उभा केला, तोही याच दिशेने जाणारा प्रयत्न म्हणावा लागेल.

आमची पद्धत

वरील विचारांतून आम्ही जी पद्धत ठरवली ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने देते.

पहिली गोष्ट, खेळण्यापूर्वी सूत्रधाराने पुस्तिका दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात काय लिहिले आहे ते पाहावे. दुसऱ्या वाचनात काय गृहीत धरले आहे ते शोधावे. दुसरी गोष्ट, शत्रूंचे आकडे नव्या ग्रंथातून घ्यावेत आणि संख्या बेताची ठेवावी. तिसरी, बक्षिसाचा नियम प्रथम ठरवून तो खेळाडूंना स्पष्ट सांगावा, कारण ज्याला बक्षीस तेच खेळाडू करतात. चौथी, पहिल्या भेटीचा आणि धीराचा हे दोन जुने नियम उचलून नव्या खेळात घालावेत. त्यांना केवळ दोन फासे लागतात आणि नव्या नियमांशी त्यांचे कोठेही भांडण नाही. पाचवी, प्रत्येक टोळीविषयी एक प्रश्न विचारावा : यांना काय हवे आहे? पुस्तिकेतच टोळ्यांच्या आपसांतील वैराचे सूचन आहे. गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन एका बाजूला, ऑर्क दुसऱ्या बाजूला. या वैराला कारण दिले की टोळी माणसात येते. मग जन्माने दुष्ट असे म्हणण्याची गरजच राहत नाही. पाणी, शिकार, जुने देणे अशी कारणे पुरतात.

याचा परिणाम कसा होतो याचे एक उदाहरण सांगते. आमच्या खेळात गुहेच्या तोंडाशी सहा गॉब्लिन पहाऱ्यावर होते. मी पहिल्या भेटीचे फासे टाकले, ९ पडले. हल्ला नाही. आमच्यातील एकीने, जिचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्या पहारेकऱ्यांना विचारले, "तुम्हाला इथं उभं राहायचे किती मिळतात?" पुस्तिकेत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मला ते तेथल्या तेथे रचावे लागले. पुढचे दोन रविवार तलवार उपसली गेली नाही, आणि हॉबगॉब्लिनांच्या कोठडीतला कैदी व्यापारी वाटाघाटीने सुटला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेत हा प्रसंग लिहिलेला नाही. पण तो घडायला लागणारी सारी सामग्री तिच्यातच होती.

साधनांची काळजी करू नये. १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द कंपनीने पेटीत आकडे छापलेले कागदी चौकोन घातले होते. आम्हीही स्टीलच्या पेल्यात वीस चिठ्ठ्या टाकून खेळतो. गणित तेच राहते.

समारोप

माझ्यासारख्या विद्यार्थिनीला छापलेल्या शब्दाचा धाक फार. घरात पुस्तके नव्हती, त्यामुळे पुस्तकात आहे ते बदलता येत नाही अशीच समजूत होती. या अभ्यासातून मला जे शिकायला मिळाले ते खेळापुरते राहिले नाही. जुने लिखाण वापरायचे असेल तर आधी ते कोणासाठी, कोणत्या नियमांच्या आधारावर लिहिले गेले ते नीट समजून घ्यावे लागते. ते समजले की त्यातील पुष्कळ भाग, जो आपल्याला निरर्थक वाटत होता, तो अर्थपूर्ण ठरतो आणि जपावासा वाटतो. आणि ते समजल्यानंतरच जे बदलायला हवे ते कोणते, हेही खात्रीने सांगता येते. समजून न घेता केलेला बदल आणि समजून न घेता केलेली पूजा, या दोहोंत पुस्तिका मरते.

आपल्या महाविद्यालयात कोणास या खेळाची गोडी असेल तर रविवारी दुपारी मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात जरूर यावे. सध्या आमची मोहीम ऑर्कांच्या गुहेपाशी येऊन थांबली आहे. त्यांना काय हवे आहे, हे अजून आम्ही विचारायचे आहे.